जॉबर आणि गोळीचं मशीन

संयम हा थोर माणसाचा पहिला गुण. हे वाक्य मी निदान तीस सन्मानपत्रांत घातलं असेल. ज्यांच्यासाठी घातलं, त्यांतले बहुतेक जण सत्काराच्या दिवशी दुसऱ्याचं भाषण संपायच्या आत माईक ओढून घेत. खरा संयमी माणूस मला एकच भेटला, आणि तो एका जागी दोन मिनिटं बसू शकत नसे.

त्याची खूण म्हणजे तळहात. गेम पार्लरमध्ये आला की तो तिथल्या गोळीच्या मशीनच्या लाकडी कुशीवर उजवा तळहात ठेवायचा, बिथरलेल्या म्हशीच्या अंगावर ठेवावा तसा. डोळे मिटायचा. मध्ये कुणी बोलायला लागलं तर डावा हात वर करून म्हणायचा, "थांबा की जरा." हे म्हणताना त्याचा डावा गुडघा मात्र शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असायचा.

नाव त्याला असणारच, पण ते विचारायची वेळ कुणावर आली नाही. सगळे त्याला जॉबर म्हणत. ज्यांनी यंत्रमाग पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: कारखान्यातले माग बिघडले की ते ठीक करणारा माणूस म्हणजे जॉबर. हा इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या एका कारखान्यात होता, चाळीस मागांवर. सुट्टीच्या दिवशी दुपारी एसटीनं कोल्हापूरला यायचा, तासभर खेळायचा आणि परत जायचा. बसमध्ये जागा असली तरी उभा राहायचा. चहा उभ्यानं प्यायचा. मी एकदा स्टूल पुढं केलं तर त्यानं ते उलटं करून त्याचा हलणारा पाय ठोकून दिला आणि मलाच बसायला दिलं.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मी प्रूफं तपासत असे आणि वरकमाई म्हणून सन्मानपत्रं लिहीत असे. छापखान्याच्या खालच्या गाळ्यात आबांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. आबा हे साठीचे, पांढरीशुभ्र टोपी घालणारे, आणि प्रत्येक गोष्ट समारंभानं करणारे गृहस्थ. पार्लरमध्ये पडद्यावर मारामारी करायची तीन मशीनं होती आणि कोपऱ्यात एक जुनं पिनबॉल. गोव्यातलं कुठलंसं हॉटेल मोडीत निघालं तेव्हा आबांनी ते टेम्पोत घालून आणलं. कोल्हापूरनं त्याला पिनबॉल म्हटलं नाही. ते गोळीचं मशीन झालं.

काचेखाली उतरती फळी, तिच्यावर दिवे लागलेली टोपणं, रबरं, भोकं. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते, आपटत आपटत खाली येते. तळाशी दोन छोट्या बॅटा, कडेच्या बटणांनी उडणाऱ्या. त्यांच्यामधून गोळी गेली की गेली. एका डावाला पाच गोळ्या. समोरच्या उभ्या काचेत पाच चाकांवर आकडे फिरत आणि आत तीन घंटा वाजत: बारीक, मधली आणि मोठी. जितकी मोठी घंटा तितके जास्त मार्क.

आबांनी मशीन आणलं, नारळ फोडला आणि पहिली गोष्ट केली ती गवंडी बोलावण्याची. कुठलंही यंत्र सपाट बसलं पाहिजे, असं त्यांचं मत. गवंड्यानं काचेवर लेव्हल ठेवली आणि पुढच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारून बुडबुडा बरोबर मधोमध आणला. त्यानंतर दोन महिने गोळी वर जायची आणि अर्ध्या वाटेत उभी राहायची. लोक मशीनला लाथ घालत. आबा म्हणत, "इंपोर्टेड हाय. सवय व्हायला पायजे."

जॉबर पहिल्यांदा आला तो पाऊस चुकवायला. त्यानं तळहात ठेवला, वाकून खाली बघितलं आणि कुणाला न विचारता फरशीचे तुकडे काढायला लागला.

"ओ पावणं, लेव्हल केल्याली हाय ती!" आबा ओरडले.

तो ढिम्म. दोन्ही बाजूंचे तुकडे काढले, एक परत घातला, पुन्हा तळहात ठेवला. मग उभा राहून म्हणाला, "उतार असल्याबिगर गोळी येणार कशी? तुमी तिला निजवून ठिवलंय." त्या दिवशी त्यानं बारा हजार केले. तोवरचा विक्रम सातशे होता.

मी वरून चहाच्या निमित्तानं खाली यायचो आणि त्याच्या मागं उभा राहायचो. मला स्वतःला खेळता येत नाही. गोळी खाली येताना दिसली की माझे दोन्ही हात एकदम दाबतात, दोन्ही बॅटा एकदम उडतात आणि गोळी सभ्यपणे मधून निघून जाते. जॉबरनं एकदा हे पाहिलं आणि त्याला शारीरिक वेदना झाल्यासारखा चेहरा केला.

"मास्तर, दोन्ही दारं एकदम उघडल्यावर म्हस थांबंल व्हय गोठ्यात?"

त्याची पद्धत बघायला आलेल्यांची निराशा करणारी होती. गोळी वेगानं आली की पोरं बटणावर तुटून पडत. हा काहीच करायचा नाही. गोळी एका बॅटीवर आपटायची, तिथून आपोआप टुणकन दुसरीवर जायची, तोवर तिचा जोर ओसरलेला असायचा. मग हा दुसरी बॅट उचलून धरायचा आणि गोळी तिच्या खोबणीत येऊन गप्प बसायची. आता डाव याच्या हातात. मग तो बॅट खाली सोडायचा, गोळी टोकाकडं घरंगळायची आणि ठरलेल्या जागी आली की एक टोला.

"धोटा बी असाच असतोय," तो म्हणायचा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. "त्यो त्याचा त्यो जातोय आन् येतोय. मधी हात घालणाऱ्याचं बोट जातंय."

मशीनच्या माथ्यावर पाच हजारांचं एक भोक होतं. भोवती लाल दिवे लुकलुकत. सगळे तिकडं मारत. जॉबर कधी मारत नसे. त्याचं लक्ष डावीकडच्या एका मळकट पट्टीवर, जिला लागलं की पाचशे मिळत. पुन्हा पुन्हा तीच पट्टी. मी कारण विचारलं.

"वरच्या भोकातनं गोळी सुटली की नीट दोन्ही बॅटांच्या मधी येत्या. पाच हजार देतंय आन् घर घेतंय. ह्या पट्टीवरनं उलटी आपल्या बॅटीवर येत्या. पाचशे-पाचशेनं बी गाव गाठता येतंय की."

हे मी लगेच वहीत टिपलं आणि एका पतसंस्थेच्या अहवालात वापरलं.

धक्क्याचंही शास्त्र होतं. मशीन जास्त हलवलं तर आत लोंबकळणारा एक लोळा टेकतो, 'टिल्ट' असा दिवा लागतो आणि सगळं बंद पडतं. पार्लरच्या भाषेत मशीन रुसतं. जॉबर धक्का द्यायचा, पण तळहाताच्या टाचेनं, बोटभर, आणि गोळी रबराला लागायच्या किंचित आधी. "आधी दिला तर धक्का. मागनं दिला तर त्यो राग झाला," तो म्हणायचा.

मागं उभे असलेले कॉलेजवाले त्याला छळत. "ओ जॉबर, डोळा लागला काय?" "काका, गोळी पेन्शनीत निघाली की वो!" हा वळून बघत नसे. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. मी मनात म्हणायचो, हा माणूस! याला म्हणतात स्थितप्रज्ञ.

एका दुपारी मशीनची मोठी घंटा अडकली आणि सलग वाजायला लागली. पडद्यावर मारामाऱ्या करणारे कान झाकून रस्त्यावर पळाले. वरून छापखान्याचे मालक ओरडले. जॉबर शांतपणे खेळत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घंटा अडकलीय."

"आँ?"

"घंटा!"

त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं. मग तळहात लाकडावर सरकवला, एका जागी दाबला आणि म्हणाला, "व्हय व्हय. वाजतीया." त्याचा चेहरा उतरला होता.

म्हणजे टोमणे त्याला ऐकूच येत नव्हते. माझ्या स्थितप्रज्ञाचा निकाल असा लागला.

बाहेर चहाच्या गाडीवर त्यानं सगळं सांगितलं. ही गुपित गोष्ट त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितली की शेजारच्या पानपट्टीवाल्यानं कात्री खाली ठेवली. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली होती. डावा कान गेलाच होता, उजवा चालला होता. कबनूरला सगळेच ओरडून बोलतात आणि कोल्हापुरात त्याहून मोठ्यानं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण मागाचा जॉबर आवाजावर चालतो. चाळीस मागांत कुठला माग वेगळा बोलतोय हे लांबून कळायला लागतं. मालकाला संशय आला होता. त्यानं बजावलं होतं: दिवाळीपातूर बघतो, न्हायतर दुसरा जॉबर आणतो.

"मग इथं काय करता?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

त्यानं तळहात माझ्यापुढं धरला. तेलानं काळ्या रेघा पडलेला. "ह्याला ऐकू येतंय का बघतोय."

कारखान्यात ते कळत नाही, त्यानं समजावलं. तिथं चाळीस माग एकदम हादरतात, भिंती हादरतात, कुठल्याचा हादरा हाताला लागला ते कसं ओळखायचं? इथं एकटं मशीन. आणि दुसरं म्हणजे, "मागाला मार्क नसत्यात मास्तर. ह्याला हायत." घंटा न ऐकता, नुसत्या हातानं लाख केले, तर हात पुरे आहेत असं धरायचं आणि मालकाला तोंड द्यायचं. न झाले तर आपणच माग खोलायच्या चाव्या मालकापुढं ठेवून घरी बसायचं. लाखच का? पार्लरमध्ये कुणी लाख केले नव्हते, एवढंच.

हे तर्कशास्त्र कच्चं आहे, हे मला दिसत होतं. गोळीचा आणि मागाचा संबंध काय? पण चहाच्या कपावर त्याचं नख टकटक वाजत होतं, गुडघा हलत होता, आणि एसटीची वेळ झाली नसताना तो रस्त्याकडं बघत होता. मी चहाचे पैसे दिले. त्यानंतर मलाही वर बसून प्रूफं वाचवेनात. खालून मोठी घंटा वाजली की हातातली ओळ सुटायची. गौरवांकातल्या एका अध्यक्षांचा जन्म मी त्यांच्या लग्नानंतर होऊ दिला तो याच दिवसांत.

दसऱ्याला तो चौऱ्याऐंशी हजारांवर गेला. खंडेनवमीला आबांनी मशीनची पूजा करून काचेवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली होती आणि ती पुसायची नाहीत असा दंडक घातला होता. कुंकवाखालून येणारी गोळी त्याला दिसली नाही. पुढच्या सुट्टीला एकोणऐंशी. त्यानंतर मशीन दोनदा रुसलं. जो माणूस बोटभर धक्का द्यायचा तो आता मागून धक्के द्यायला लागला होता. त्याच्या व्याख्येनुसार तो राग होता.

याच सुमारास आबांना स्पर्धा सुचली. दिवाळीच्या आधीची शेवटची सुट्टी पाहून त्यांनी 'भव्य गोळी-मशीन स्पर्धा' जाहीर केली. पत्रक मी लिहिलं. भव्यतेत भाग घ्यायला नऊ जण मिळाले, तेही मला धरून. प्रत्येकाला एकच डाव. पहिला नंबर आणि लाख करणारा, दोघांना शाल आणि श्रीफळ. एका दूध संस्थेचे माजी उपाध्यक्ष पाहुणे. पेंटरकडून लाकडी फळा करून घेतला होता, त्यावर सगळ्या खेळाडूंचे मार्क कायमचे रंगवायचे होते. नियम मीच लिहिले. त्यातला शेवटचा असा: 'डाव संपल्यावर मशीनवर दिसेल तोच आकडा अंतिम.' प्रूफ तपासणाऱ्याला अशी वाक्यं आवडतात.

आबांनी मला एक सन्मानपत्रही तयार ठेवायला सांगितलं होतं, लाखाच्या मानकऱ्यासाठी. मी 'संयम हा थोर माणसाचा पहिला गुण' यानं सुरुवात केली आणि या वेळी ते वाक्य लिहिताना मला लाज वाटली नाही.

त्या दुपारी जॉबर आला तो खिशातून सुताचा गुंता काढत. मागाखाली पडतो तसला. त्याचे दोन बोळे करून त्यानं दोन्ही कानांत घातले.

"हे कशाला?" मी खुणेनं विचारलं.

"उजव्यातनं थोडं येतंय आजून. उगं मनात शंका नगो."

त्याच्या आधी एका रिक्षावाल्यानं एकतीस हजार दोनशे केले होते आणि पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारून मोकळे झाले होते. जॉबरनं तळहात ठेवला. डोळे मिटले. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्याचा गुडघा थांबला होता.

पहिल्या तीन गोळ्यांत एकेचाळीस हजार. चौथीत मळकट पट्टी, मळकट पट्टी, मळकट पट्टी. बघणारे कंटाळले. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. "ओ जॉबर, वरच्या भोकात मार की!" रिक्षावाला ओरडला. चौथी गोळी गेली तेव्हा त्र्याहत्तर हजार झाले होते.

पाचवी गोळी त्यानं लगेच सोडली नाही. दांडा अर्धा ओढून थांबला, हातानं काहीतरी जोखलं, मग सोडला. ऐंशी झाले. एकदा गोळी मधून निसटणार तेवढ्यात तळहाताच्या टाचेनं बोटभर धक्का, आणि ती बॅटीच्या टोकाला लागून परतली. टिल्टचा दिवा लागला नाही. नव्वद झाले. आता सगळे पुढं सरकले होते. मी चाकांकडं बघत होतो, तो गोळीकडं. चाकांकडं त्यानं पूर्ण डावात एकदाही मान वर केली नाही. नव्याण्णव हजार नऊशे. मग पाचही चाकांवर नऊ. गोळी वरच्या एका रबराला नुसती चाटून गेली, एका मार्काची, आणि खड्‌ आवाज करत पाचही चाकं एकदम फिरली.

पाच शून्यं.

"आयला! गेलं!" रिक्षावाला म्हणाला.

"बिघडलं मशीन," आबा म्हणाले.

गोळी अजून खेळत होती. ती आणखी दोनचारदा आपटली, बावीसशे-तेवीसशे झाले, आणि ती खाली आली. अगदी सोपी, उजव्या बॅटीवर. जॉबरनं बटण दाबलं नाही. त्याचे दोन्ही तळहात लाकडावर पसरलेले होते. गोळी बॅटीवरून घरंगळून मधून गेली. मग त्यानं माझ्याकडं वळून, अख्ख्या लक्ष्मीपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, पाची फिरली न्हवं? एकदम?"

मी मान हलवली.

"हाताला कळालं," तो म्हणाला. बोळे काढून खिशात ठेवले. "जातो. साडेचारची गाडी हाय." आणि गेला. गुडघा त्याचा पुन्हा सुरू झाला होता, तो जवळजवळ पळतच होता.

मी आबांना समजावायचा प्रयत्न केला. पाच चाकं म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंतच मावतं, पुढं ते परत शून्यावर येतं, त्यानं लाख केलेत. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. टोपी सारखी केली.

"मास्तर, तुमी प्रूफं तपासता न्हवं? छापलंय ते वाचा." आणि पत्रकातल्या शेवटच्या नियमावर बोट ठेवलं.

शाल रिक्षावाल्याला मिळाली. लाखाच्या मानकऱ्याचं सन्मानपत्र वाया जाऊ नये म्हणून त्यावर दूध संस्थेच्या माजी उपाध्यक्षांचं नाव घातलं. संयमाचं वाक्य ऐकताना त्यांनी डोळे पुसले.

दिवाळीनंतर जॉबर एकदा आला. कागदात बांधून चकल्या आणल्या होत्या. मालकानं दुसरा जॉबर आणून उभा केला होता, दोघांना एकाच वेळी चालत्या मागांमधून फिरवलं होतं. नवा जॉबर कान लावून फिरला. हा प्रत्येक मागाच्या लाकडावर हात ठेवत गेला. "सतराव्यापाशी थांबलो. म्हटलं, ह्याचा फटका ढिला हाय. खोलून बगा." फटका म्हणजे धोट्याला टोला देणारा दांडा. खोलून बघितलं. तसंच होतं. चाव्या त्याच्याकडंच राहिल्या.

"मग आता रोज येत जा," मी मूर्खासारखं म्हणालो.

"आता कशाला?" तो मोठ्यानं म्हणाला. "आता चाळीस हायत की तिकडं." मशीनच्या कुशीवर एकदा तळहात ठेवला, खेळला नाही, आणि चहा अर्धा टाकून गाडीला गेला.

पुन्हा आला नाही. पुढं काही वर्षांनी मी इचलकरंजीच्या एसटीत ड्रायव्हरला त्याच्याविषयी विचारलं, खुणा सांगितल्या. ड्रायव्हर हसला. "त्यो व्हय? बसत न्हाय कुठं. माझ्या शेजारी हुबा राहून बॉनेटवर हात ठिवतोय, आन् डेपोत काय काम सांगायचं ते सांगतोय." बरोबर सांगतो का, असं मी विचारलं. "बरोबर सांगतोय म्हणून तर राग येतोय," ड्रायव्हर म्हणाला. मग कबनूरला बिनधोट्याचे नवे माग आले, जुने वजनावर गेले, आणि एका फेरीला ड्रायव्हर म्हणाला की बऱ्याच दिवसांत दिसला नाही.

दोन हजार सालानंतर आबांनी पार्लर मोडून इंटरनेटचं दुकान काढलं. गोळीचं मशीन भंगारवाल्याला दिलं. त्यानं उभी काच काढली तेव्हा मी तिथं होतो. काचेच्या मागं, आकड्यांच्या चाकांच्या डावीकडं, इंग्रजी अक्षरांत एक लाख असं रंगवलेलं होतं आणि त्यामागं दिव्याचा एक रिकामा होल्डर होता. लाख झाले की तो दिवा लागायचा होता.

"ह्यातला बल्ब?" मी विचारलं.

"त्यो व्हय," आबा म्हणाले. "कधी लागतच न्हवता. म्हणून पैल्याच वर्षी काढून तालमीच्या गणपतीला लावला."

फळा अजून आहे. नव्या दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. नऊ नावं. रिक्षावाला पहिला. जॉबरचे मार्क दोन हजार तीनशे दहा, म्हणजे खालून दुसरा. सगळ्यात खाली मी आहे.